स्वानंदला सांगायची वेळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सस्काटूनच्या मराठी मंडळाचे संस्थापक माननीय गुरुदत्तराव, व्यासपीठावर जरा अवघडून बसलेले सत्कारमूर्ती स्वानंद, त्यांच्या शेजारी अजिबात न अवघडलेल्या सौ. अवंतिका, पहिल्या रांगेतली त्यांची कन्या ऊर्मी, आणि बाहेर उणे अठ्ठावीस असताना, इंजिन गोठू नये म्हणून गाड्या प्लग-इन करून इथवर आलेल्या रसिक बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

स्वानंद रविवारी ओकव्हिलला निघाला. तिथल्या कंपनीत नव्या कामावर रुजू होतोय. निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगायचे असतात, तर मी त्याचा एकच गुण सांगणार आहे. हा माणूस वेळेवर येतो.

हसू नका. जे हसले ते दोन हजार सोळाच्या आधीचे सभासद, हे मला इथूनही कळतं.

त्या काळचा स्वानंद तुम्हाला आठवतो. पॉटलकला भात आणायचं काम त्याच्याकडे दिलं, तर भात यायचा, पण लोक आइस्क्रीमवर पोचल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते. गाडीची किल्ली हातात धरून तो सगळ्या हॉलभर किल्ली शोधायचा. मनानं सोन्यासारखा, कोणाचं कपाट हलवायचं असो की ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा असो, पहिला धावणारा. पण वेळ आणि स्वानंद यांची गाठ पडायची नाही.

यावर आपण काय केलं? आपण मराठी माणसं, उपाय तर काढणारच. आपल्या मंडळात प्रत्येक कार्यक्रमाच्या तीन वेळा असायच्या. एक खरी वेळ, जी फक्त कमिटीला माहीत. दुसरी पत्रिकेत छापायची वेळ, तासभर आधीची. आणि तिसरी, खास स्वानंदला सांगायची वेळ, तिच्याही तासभर आधीची. ही व्यवस्था माननीय अध्यक्षांची. अध्यक्षमहाराज, मान खाली घालू नका, हेतू चांगला होता.

आता सोळा साली काय झालं? डॉक्टरांनी स्वानंदला सांगितलं की तुम्हाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष आणि वेळ धरून ठेवणं मेंदूला जड जातं. लहानपणापासून आहे, कोणी पाहिलं नाही इतकंच. त्यानं फोनवर दिवसाचं नियोजन करणारं एक ॲप घेतलं. त्यात दिवस रंगीत चौकोनांत मांडलेला असतो. ऑफिस हिरवं, ऊर्मीचं स्विमिंग पिवळं, आणि चालू असलेला चौकोन हळूहळू रिकामा होत जातो. पहिल्या आठवड्यात त्यानं उत्साहाच्या भरात योगासनं, फ्रेंच आणि गॅरेज आवरणं हे सगळं एकाच सकाळी घातलं आणि दुपारी वैतागून ॲपच काढून टाकलं. अवंतिकानं ते फोनवर परत घेऊन दिलं. म्हणाली, गॅरेज राहू दे, आधी जेवणाची वेळ लिही. तिथून गाडी रुळावर आली.

आणि मग दिवाळीचा कार्यक्रम आला. सेक्रेटरींनी त्याला ठरलेली तिसरी वेळ सांगितली. अवंतिकाला ही व्यवस्था माहीत नव्हती, म्हणून तिनं घरच्या सवयीनं त्यातून आणखी एक तास काढला. स्वानंदनं ती वेळ ॲपमध्ये घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा दहा मिनिटं आधी पोचला. हॉलला कुलूप. हा लेकीला घेऊन, हातात समईची पिशवी, पार्किंगमध्ये उभा. ऊर्मीनं आईला फोन केला, "मॉम, वुई आर अर्ली अँड देअर इज नोबडी हिअर."

पुढच्या मीटिंगला, गुरुदत्तरावांच्या बेसमेंटमध्ये, स्वानंदनं सगळ्यांना आपल्या आजाराबद्दल सांगितलं. आपले अध्यक्ष म्हणाले, हे सगळं इथल्या लोकांचं खूळ, आमच्या वेळी मास्तरांची एक छडी पुरायची. स्वानंद चिडला नाही. तो एवढंच म्हणाला, "काका, तुम्हाला वेळ आतून कळते. मला ती बाहेर मांडून ठेवावी लागते. मी मांडतोय. पण तुम्ही मला खोटी वेळ दिलीत, तर मी काय मांडू? मला फक्त खरी वेळ सांगा."

पैसा मागितला नाही, मानपान मागितला नाही. प्रत्येक मोठ्या माणसाला जी आपोआप मिळते, ती खरी वेळ त्यानं मागितली. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. रागाच्या भरात मी, नाटकाची दिग्दर्शिका म्हणून, तिथल्या तिथे जाहीर केलं की एडमंटनच्या एकांकिका स्पर्धेत आपल्या नाटकाचा रंगमंच व्यवस्थापक स्वानंद असेल. कोणी विरोध केला हे मी सांगणार नाही. त्यांनी नाटकात सासऱ्याची भूमिका छान केली होती.

तर फेब्रुवारी महिना. स्पर्धेचा नियम कडक, वेळेवर हजर नसाल तर प्रयोग रद्द. स्वानंदनं कळवलं, सकाळी सहाला व्हॅन सुटेल. आता गंमत ऐका. आपल्याकडे सहा म्हणजे सात, हे प्रत्येकाला पाठ. शिवाय आपण सस्काटूनवाले घड्याळ हलवत नाही, त्यामुळे हिवाळ्यात एडमंटन आपल्या एक तास मागे. म्हणजे तिकडे जाताना एक तास फुकट मिळतो. तो एकच तास आम्ही दहा जणांनी आपापल्या घरी पांघरुणात झोपून खर्च करून टाकला. मी साडेसहाला पोचले, म्हणजे मंडळाच्या हिशेबानं अर्धा तास लवकर. स्वानंद नेपथ्य व्हॅनमध्ये चढवून, टोपीवर बर्फ घेऊन उभा. सासरेबुवा सातला आले, थर्मासमध्ये चहा घेऊन. म्हणाले, घाई कसली, तिकडे एक तास मागे आहे. स्वानंद म्हणाला, "काका, तो तास मी आधीच धरलाय."

तीन महिन्यांच्या तालमी पाण्यात गेल्या असं मला वाटलं. पण त्यानं फोन माझ्यापुढे धरला. निघायच्या चौकोनाच्या खाली एक करडा चौकोन होता, रिकामा, चांगला तासाभराचा. त्यावर त्यानं लिहिलं होतं, 'आपली माणसं'.

मंडळी, आपण इतकी वर्षं त्याला खोटी वेळ सांगत आलो. त्यानं आपल्याला खरी वेळ सांगितली, आणि आपल्यासाठी मोकळी जागा ठेवली. या दोन्हींत फार फरक आहे.

वाटेत वाऱ्यानं रस्त्यावर बर्फ उडत होतं, त्याचाही वेळ धरलेला होता. चहाचा धरलेला, वॉशरूमचा धरलेला. सासरेबुवांच्या दुसऱ्या वॉशरूमचाही धरलेला. आम्ही वेळेवर पोचलो आणि आमचा पडदा ठरल्या मिनिटाला वर गेला. दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं का नाही मिळालं याबद्दल माझी काही मतं आहेत, ती मी परीक्षकांना कळवलेली आहेत. पण बक्षीस घ्यायला मी गेले नाही. मी स्वानंदला पुढे ढकललं, आणि टाळ्या सर्वांत जोरात कोण वाजवत होतं सांगू? आपले अध्यक्ष.

परत आल्यावर त्यांनीच ठराव मांडला, यापुढे पत्रिकेत खरीच वेळ छापायची. पाडव्याला चारचा कार्यक्रम चारला सुरू झाला. अर्ध्या मंडळाचं स्वागतगीत हुकलं, काही जण माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते. आज मात्र चारला खुर्ची रिकामी नाही. आणि हा गडी ज्या कामासाठी ओकव्हिलला चाललाय, ते काम काय आहे माहितीये? साऱ्या टीमचं वेळापत्रक सांभाळण्याचं. इंटरव्ह्यूमध्ये त्यानं स्वतःहून सांगितलं की मला एडीएचडी आहे, आणि मी काम कसं मांडतो ते दाखवतो. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

एक शेवटचं. परवा या हॉलच्या किचनमध्ये स्वानंद अध्यक्षांना विचारत होता, रविवारी विमानतळावर सोडायला कितीला येताय? ते म्हणाले, "सहाला." त्यानं लगेच फोनमध्ये सहा लिहिलं. 'सहा म्हणजे सहाच ना' असं विचारलं नाही. मी आगाऊपणानं डोकावून पाहिलं. सहाच्या पुढे-मागे कुठेही करडा चौकोन नव्हता. गुरुदत्तराव, या मंडळानं तुम्हाला आजवर पुष्कळ शाली दिल्या, पण एवढा मोठा मान कोणी दिला नसेल. रविवारी गजर लावा.

स्वानंद, अवंतिका, ऊर्मी, सुखानं जा आणि ओकव्हिलकरांनाही वळण लावा. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि कमिटीचे आभार. चेष्टेत कोणाला जास्त लागलं असेल, काही राहून गेलं असेल, तर आपलं माणूस म्हणून पदरात घ्या. स्वानंदनं मला दहा मिनिटं दिली होती. त्याचा फोन इथे माझ्यासमोरच आहे, माझा चौकोन आत्ता रिकामा झाला, आणि खाली एक करडा चौकोन दिसतोय. त्यावर लिहिलंय, 'चित्राताई'.

तो मी वापरणार नाही. नमस्कार.