पन्नास माणसांचं भरीत

मोहिनी : वांगी चाळीस किलो. माणसं तीन. तुम्ही, मी आणि आक्का. भिकनकाकांचं कुत्रं धरलं तर साडेतीन.

आक्का : धर व माय, कुत्रं धर. तेच एकलं टाइमवर ऊनं.

तेजस : साडेचारचं बोलावणं होतं. सव्वापाच झाले! धरणगावात ॲपवरून बोलावलेली पहिली भरीत पार्टी. शेताचा नकाशा दिला, रस्ता दिला, तिखट हवं की कमी तिखट, तेही एका बटणावर.

आक्का : भरीत, आन कमी तिखट? कोन दाबस रे ते बटन?

मोहिनी : कुणीच नाही दाबलं, आक्का.

तेजस : हसू नकोस.

मोहिनी : नाही हसत.

तेजस : हसतेयस.

मोहिनी : बरं, हसतेय! अहो, पैज तुम्हीच लावलीत ना स्वतःशी? तुमच्या ‘गावसाद’ ॲपवरून पन्नास माणसं आली तर इथेच राहायचं, नाही तर सोमवारी पुण्याला जाऊन जुनी नोकरी धरायची.

आक्का : काय? सोमवारले?

तेजस : तुला सांगणारच होतो, आक्का.

आक्का : कव्हय? गाडीमा बसीसन? सख्ख्या आत्याले?

तेजस : दोन वर्षं घातली गं त्या ॲपमध्ये. कापूस वेचायला कोण मोकळं आहे, लाइट कधी येणार, कुणाचं लग्न, कुणाचं दहावं, सगळं वेगवेगळं लावून देतं. आणि तुमच्या त्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर काय? सकाळी दोनशे गुलाब, त्याखाली पितांबरनानांचं दहावं, त्यावर परत गुलाब. अर्धं गाव दहाव्याला एक दिवस उशिरा गेलं!

आक्का : पन गयं.

तेजस : माझ्या ॲपवर असा घोळ झालाच नसता.

मोहिनी : खरंय. कुणी गेलंच नसतं.

तेजस : तू कुणाच्या बाजूने आहेस?

मोहिनी : तुमच्याच. म्हणून तर ॲपवर अकरा जण आहेत. त्यातले दोन नंबर तुमचे, एक माझा.

तेजस : भिकनकाकांनी घेतलं होतं की!

मोहिनी : काढलं. फोन भरला म्हणे.

तेजस : मग ते गुलाब काढायचे ना!

आक्का : गुलाब कसा काढी तो? त्यानी पोरना सासरा धाडस रोज. उद्या याहीनी इचारं, मन्हं फूल कोठे गयं, तं काय तोंड दखाडी?

तेजस : म्हणजे चांगली वस्तू मागे, आणि व्याह्यांची फुलं पुढे!

आक्का : बरं, माले एक सांग. गावबाहेरथीन नवा रोड व्हयना. दोन गाड्या आरामथीन जातस. तू बजारमा कोनता रस्ताथीन जास?

तेजस : गल्लीतून.

आक्का : कसाले? तठे चिखूल शे, म्हशी शेतस.

तेजस : गल्लीत पंडितआबा हाक मारतात. बेबाबाई चहा देते. भागाबाई विचारते, बायको बरी आहे का... आक्का, मला शिकवू नकोस.

आक्का : मी कोठे शिकाडस? तूच सांगी राह्यना.

मोहिनी : घ्या!

आक्का : आन वाचता कोनले येस? बेबाबाईले? भागाबाईले? ग्रुपवर बटन दाबं का बोलता येस. आवाजवरथीनच समजस, कोन संतापेल शे आन कोन उपाशी शे.

तेजस : बोलव मग तूच. पैज गेलीच आहे, वांगी तरी वाया नकोत.

आक्का : माले ते बटन काय समजत नही बा.

मोहिनी : द्या, मी दाबते.

आक्का : ऱ्हाऊ दे, करस कसंबी. हं... आयका बठ्ठा! मी कमलबाई बोलस. नालाकाठना वावरमा भरीत शे. या. ...व्हयनं. फोन ठेवस तठे, पुरीसना डबावर. आते खरं सांग तेजस. जावं वाटस का तुले?

तेजस : नाही.

आक्का : मंग?

तेजस : मंग काय! पुण्यात सातव्या मजल्यावर राहायचो, शेजारच्याचं आडनाव माहीत नव्हतं. इथे लग्न करून आलो ते कायमचंच. पण गावाला माझं काहीच नकोय, आक्का. दोन वर्षं दारोदार फिरलो. चाळीस घरचा चहा प्यालो, फोन जेमतेम आठ-नऊ जणांनी पुढे केला. भिकनकाकांचा फोन सहा वेळा दुरुस्त केला, दर वेळी म्हणाले, शाबास. शाबासकीवर माणूस किती दिवस राहील? मला रडू येतं गं. मोहिनीसमोर आंघोळीचं निमित्त करतो.

मोहिनी : माहितीये मला. दिवसातून तीनदा कोण आंघोळ करतं?

आक्का : मंग गावले सांग ना असं.

तेजस : कुणाला सांगू? ऐकतंय कोण?

मोहिनी : अहो...

तेजस : काय?

मोहिनी : आक्काच्या फोनवर आकडे पळतायत. एक मिनिट अठ्ठावन्न... एकोणसाठ...

तेजस : बंद कर! पुसून टाक! दे इकडे, मी...

मोहिनी : हात नका लावू, तिथे नका... गेला.

तेजस : कुठे गेला?

मोहिनी : ग्रुपवर. तुमच्या आंघोळीसकट.

तेजस : काढून टाक पटकन!

मोहिनी : कशाला आता? ऐकायला लागले लोक. तेरा... एकवीस... अगं बाई, सव्वीस!

तेजस : मी नाल्यात उडी मारतो.

आक्का : मार. घोटाभर पानी शे.

मोहिनी : उत्तरं यायला लागली. पंडितआबा म्हणतात, ‘सोमवारले गया तं तंगडं मोडसू.’ भागाबाई नुसत्याच रडतायत, चाळीस सेकंद. बेबाबाई विचारतायत, भरीत कमी तिखट आहे ना?

तेजस : बघ! बघ! बटण लागत होतं!

(थोड्या वेळाने बांधापलीकडून ट्रॅक्टरचा हॉर्न, आणि मागोमाग माणसांचा गलका.)

मोहिनी : ट्रॉलीतूनच पस्तीस उतरले. मागून फटफट्या येतायत. पन्नास कधीच झाले, मी मोजणं सोडलं.

तेजस : पण ॲपवरून नाही आले ना. पैज...

मोहिनी : पैज राहू द्या. ते बघा, भिकनकाका फोन पुढे धरून येतायत. म्हणतात, गुलाब काढले, आता तुझं ते टाक.

तेजस : व्याह्यांचे गुलाब? काढले?

मोहिनी : आधी व्याह्यांना फोन करून विचारलं म्हणे. त्यांच्यामागे बघा, रांग लागलीय.

तेजस : मोहिनी, माझा फोन कुठाय? पुण्याला कळवतो, सोमवारी येत नाही म्हणून.

मोहिनी : हा घ्या. आक्का, एक विचारू? ते बटण नुसतं दाबलं, तर बोट उचललं की बोलणं बंद होतं. हात सोडूनही चालू ठेवायचं तर वर सरकवून कुलूप लावावं लागतं. तुम्हाला तर बटण समजत नाही ना?

आक्का : वांगं सोल, बेटा. थंडं व्हयनं का साल निंघत नही.