जयाला ममईला न्यायचं

— नाय नाय मामा, उठू नका, आमचे हे येतीलच आता. म्हस सुटून पळसदरीच्या अंगाला गेली, ती काय यांचं ऐकणारी नाय, म्हणून उशीर. जाताना मला बजावून गेलेत — पोराचा मामा खालापुरास्नं आलाय, लेकीचं लगीन ठरायचंय, तू आपली तोंड मिटून बस. आता तुमीच सांगा, दारात पाव्हणा बसलाय नि मी तोंड मिटून बसू? बरं दिसतं का ते? घ्या, ताक घ्या. जयानंच घुसळलंय. दाराआड उभी हाय ती, बघू नका तिकडं, लाजंल.

तर तुमचा भाचा गजा माजगावच्या गोदीत हाय म्हणालात. माजगाव! अवो मामा, मी तिथलीच की. बाप माझा गोदीतच ओझी वाहायचा, आमी सारी तिथं एका चाळीत. लगीन होऊन हितं आले त्याला पंचवीस वर्सं झाली. आमच्या पायरीपातूर दर्या यायचा — खोटं नाय सांगत, भरतीला माझ्या आयची परात वाहून गेलती, पलीकडच्या कोळणीनं धरली नि म्हणते, दर्यानं दिली, आता माझी. आयनं नि तिनं तीन दिस भांडण केलं, चौथ्या दिशी दोघी एकाच परातीत मासळी साफ करत बसल्या. असा शेजार! एका बाजूला खातूनबी, तिचा घरवाला जहाजावर सारंग, सा-सा महिनं परत यायचा नाय. दुसऱ्या बाजूला पासकू पाववाला, किरिस्ताव. नि समोर साराबाई, शनवार तेल्याची, यहुदी म्हणतात त्यांना — आपल्याच अलिबागकडची माणसं ती, बोलणं आपलंच, लुगडं आपलंच, फकस्त शनवारी घाणा बंद नि चुलीला हात नाय. शुक्रवारचा दिवस बुडाला की इस्तू शिवायचाच नाय, असा त्यांचा धरम.

मग चूल कोण पेटवणार? मी! सात-आठ वर्सांची व्हते, दर शनवारी सकाळी जायची. पण गंमत ऐका मामा — त्यांनी तोंडानं सांगायचंबी नाय, "येसू, चूल पेटव" म्हणालं तरी दोष. मग साराबाई माझ्याकडं न बघता म्हणायची, "आज बाई लई गारठा हाय." मी म्हणायची, "हाय खरा," नि बसून र्‍हायची. मग ती म्हणायची, "सासऱ्याचे पाय गार पडलेत." मी म्हणायची, "म्हातारं माणूस, पडायचेच." अशी छळायची! तिच्या डोळ्यात पाणी यायचं हसून, म्हातारा कांबळ्यातनं गुरगुरायचा, मग मी पेटवायची. एकदा तर जहाज आलं म्हणून बघाया पळाले ती इसरूनच गेले, अख्खं घर दुपारपातूर गारठलं, नि तरी बाई वरडली नाय. त्यांच्यात नवस फेडला की मलिदा करायचे, पोह्यात खोबरं नि गूळ, त्यातला पयला घास म्हातारा माझ्या हातावर ठेवायचा.

खाल्ला का? छे! हातावर घेतला नुसता. हातावर घेऊन — आता हातावर किती येळ ठेवणार मामा, मुंग्या येत्यात. खाल्ला. नि आता निघालंच हाय तर पासकूचा पाव पण खाल्लाय, गरम गरम, खातूनबीच्या कालवणात बुडवून. असं बघू नका. माझी आय घरी भात रांधायची नि मी तिकडं पोट भरून यायची, तिला वाटायचं पोरीला भूक कशी नाय, म्हणून माझी नजर काढायची मिरच्या जाळून! आमच्या ह्यांना यातलं कायबी ठाव नाय हां. तुमी बोललात तर मी म्हणंन मामांनीच मला पाव दिला.

ताक पिता ना? ठेवू नका, ते पासकूचं नाय, आमच्याच म्हशीचं हाय.

आता हे सारं मी का सांगते? उगाच नाय सांगत. तुमच्याकडची रीत मला ठाव हाय, आमच्याकडं पण तीच — नवरा ममईला नि बायको गावाला, सासूचे पाय चेपत, भात लावत, घरधनी यायचा शिमग्याला नि गणपतीला. दोनदा तोंड बघायचं वर्सातनं. तसं नको मामा. माझी एकच अट हाय, ह्यांनी नाय सांगितली, मीच घालते — जयाला ममईला न्यायचं. गजानं तिथं खोली घ्यायची नि तिला न्यायची. पोरीनं दर्या बघितला पायजे, चार जातीची माणसं बघितली पायजेत, हितं काय — डोंगर, भात, म्हस, नि परत डोंगर. दर्या आता लांब गेला म्हणतात, भर घालून जमीन केली म्हणं. आमचे हे सांगतात, तुझी पायरी आता कोरडी असंल. असू दे कोरडी. मी चालत जाईन ना पुढं, असंल तिथवर.

नाय, मी म्हंजे — जया जाईल. मी आपली चार दिस येईन, लेकीला भेटाया. हो हो, ठाव हाय, नातू होईपातूर लेकीच्या घरचं पाणी नाय प्यायचं आयनं. नाय पिणार! पासकूच्या दारात पिईन, साराबाईकडं पिईन, असतील त्यांची पोरंसोरं कुणी. मी तिच्या घरात पाऊलबी नाय टाकणार मामा, मला फकस्त एक निमित्त पायजे जायाला. माझं माहेर बुडालं वो. बाप गेला, आय गेली, आता तिकडं मला ये म्हणणारं कोण नाय. लेक तिथं असली तर आगगाडीत बसताना लोकांस्नी सांगाया तरी होईल, कुठं चाललीस म्हणून.

हसता काय? मग, नेणार का ते सांगा. जयालाच विचारा म्हणता? विचारा की. ए जया, फुडं ये. लाजू नको, मामा काय खात नाय. सांग गं, ममईला जायचं ना तुला?

काय? मोठ्यानं बोल.

नको? नको काय, आगं मी हितं सकाळधरनं — का नको? दर्याला भ्यालीस? मग काय?

खालापुरास्नं एका दिसात चालत माझ्याकडं येता येतं, म्हणून?

मी तुला कधी इचारलंच नाय, न्हवं का. तुझ्या लग्नात मी मलाच ममईला धाडत व्हते.

जा आत. जा म्हणते ना. मामा, ऐकलंत ना तिचं? तसंच ठरवा मग, र्‍हाईल ती तुमच्याकडंच, खालापुरात. अट मागं घेतली. आता ते ताक संपवा नि म्हस आडवायला ह्यांच्या मदतीला जा बघू जरा. जा, जा. मला चुलीपाशी काम हाय.