सदतीस नंबरचा देवमासा

लेक : ते राहू द्या. आधी सांगा, पत्ता कुणी दिला?

पाहुणा : मी परवा फोन केला होता ना...

लेक : फोनवर पत्ता तुम्ही विचारला नाहीत, मी सांगितला नाही. आणि आज बरोब्बर दारात! कुठेतरी पाणी मुरतंय.

पाहुणा : चौकशी केली इकडेतिकडे.

लेक : कुणाकडे? या गल्लीत आम्हाला ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही.

आई : अगं, बसू तरी दे त्यांना. ते कापडाचे तुकडे उचल खुर्चीवरून.

लेक : उचलते. पण आई, तू मध्ये बोलायचं नाहीस. हं, कसलं संग्रहालय म्हणालात?

पाहुणा : कार्डांचं. चिंगमच्या पाकिटात यायची ती. खेळाडू, विमानं, फुलपाखरं. जुन्या पोस्टामागे दोन खोल्या मिळाल्यात. मधल्या भिंतीवर समुद्रातले प्राणी लावायचेत, पन्नासच्या पन्नास.

लेक : तिकीट काढून चिंगमचे कागद बघायला येणार लोक?

पाहुणा : तिकीट नाही. येतील की नाही, ते माहीत नाही. बायको म्हणते, तू आणि तुझा चुलतभाऊ, दोघंच येणार.

आई : बायको शहाणी आहे.

लेक : आई!

पाहुणा : एकोणपन्नास कार्डं जमलीत. सदतीस नंबर नाही. देवमासा. तो कुणाकडेच नाही.

लेक : मग आमच्याकडे कुठून असणार?

पाहुणा : आहे असं मी म्हटलं नाही.

लेक : म्हणायला कशाला हवं? बघताय तसं, मघापासून. या फळीवरून त्या फळीवर. एकदा सांगते. माझे वडील ही कार्डं छापणाऱ्या कारखान्यात कटिंग मशीनवर होते. अकरा वर्षं. देवमासा मिळत नाही म्हणून पोरांच्या आईबापांनी बोंब मारली, तेव्हा कंपनीने सांगितलं, कापणाऱ्याने गठ्ठेच्या गठ्ठे पळवले. तिसऱ्या दिवशी बाबा घरी. हे सगळं माहीत असल्याशिवाय तुम्ही आला नाहीत.

पाहुणा : नाही. माहीत होतं.

लेक : म्हणजे भिंतीवर सदतीसची चौकट रिकामी असणार. खाली पाटी असेलच. काय लिहिलंय तिच्यावर?

पाहुणा : लिहिलं होतं, ‘कारखान्यातून चोरीला गेल्याने दुर्मिळ.’ गेल्या महिन्यात काढून टाकलं.

लेक : उठा तुम्ही.

पाहुणा : काढून का टाकलं, ते तरी ऐका.

लेक : बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा चारचौघांत नाचक्की झाली, तेवढी पुरे होती. आता काचेत घालून लावणार? उठा.

आई : पत्ता कुणी दिला, ते अजून सांगितलं नाहीत तुम्ही.

पाहुणा : कुणी दिला नाही, आजी. मला घर माहीत होतं. तेव्हा दार हिरवं होतं. शाळा सुटली की आम्ही सात-आठ जण खिडकीखाली उभे राहायचो.

लेक : तुम्ही?

पाहुणा : ‘चोराच्या पोरी, देवमासा दे.’ मी सगळ्यात मोठ्याने ओरडायचो. आवाज बरा होता माझा.

लेक : आणि आज तेच मागायला आलात. वा! फक्त ओरडायचं राहिलंय.

पाहुणा : मागायला नाही, दाखवायला आलोय. तुमच्या वडिलांच्या वरचे सुपरवायझर होते ना, त्यांच्या नातवाने एक डबा आणून दिला. त्यात हे होतं. छत्तीस नंबर, कासव. कासवं माझ्याकडे एकोणीस आहेत, त्याचं कौतुक नाही. हे पालथं करून बघा. असं दुसऱ्या एकाही कार्डावर नाही, म्हणून मला त्या पाटीची खात्री वाटेना.

लेक : लाल शाई. कुणीतरी रेघोट्या मारल्यात.

आई : इकडे आण. माझा चष्मा दे. ...रेघोट्या नाहीत गं. सही आहे ही. अर्धी.

पाहुणा : कसली सही, आजी?

आई : पहिल्या तावाची. छापून आला की सुपरवायझर पाठीमागे आडवी सही ठोकायचा. मग तोच ताव कापून बघायचे, पातं नीट बसलंय का ते. त्यातली अर्धी कार्डं त्याच्या डब्यात, अर्धी कापणाऱ्याकडे. उद्या वाकडं कापलं म्हणून कुणी ओरडलं तर दाखवायला. नियमच होता तो.

लेक : हे मला कधी सांगितलं नाहीस.

आई : अजून पुढचं कुठे सांगितलंय! पहिला ताव पास झाला आणि दुपारी वरून हुकूम आला. देवमासा काढा, त्याच्या जागी कासव दोनदा घाला. पोरं देवमाशासाठी पाकिटं घेत राहतील. दुसऱ्या तावापासून देवमासा छापलाच नाही, तर पळवणार काय? पण चोर सोडून संन्याशाला फाशी. तुझे बाबा हे सांगायला गेले होते साहेबाकडे. सुपरवायझर शेजारी उभा होता, मान खाली घालून.

पाहुणा : म्हणून एकोणीस कासवं! मी आईकडे हट्ट करून करून...

लेक : एक मिनिट थांबा. बसा, जाऊ नका.

(लेक खालच्या फळीवरून बटणांचा पत्र्याचा डबा काढते. तळातल्या कापडाच्या घडीतून एक कार्ड काढून कासवाशेजारी पालथं ठेवते. शाईची रेघ एका कार्डावरून दुसऱ्यावर जाते.)

पाहुणा : जुळली.

लेक : हो.

पाहुणा : मी... त्या ओरडण्याबद्दल मला माफ करा. इतक्या वर्षांनी म्हणायला लाज वाटते.

लेक : तुमचं सोडा हो. तुम्ही बाहेरून ओरडत होतात. भिंतीवर हे असंच लावा, पालथं.

पाहुणा : पालथं? देवमासा दिसणार नाही मग. लोक त्याच्यासाठीच येतील.

लेक : दोघंच येणार आहेत ना? त्यांना समजावून सांगा. आणि पाटीवर आई म्हणेल ते लिहा, एक अक्षर इकडचं तिकडे नको.

पाहुणा : उद्या वही घेऊन येतो. कासव ठेवतो इथेच, दोन्ही एकत्र राहू देत. येतो, आजी.

आई : दार ओढून घ्या. ...काय गं, रडतेस कशाला?

लेक : आई, हे कार्ड मला नऊ वर्षांची असताना सापडलं होतं. त्याच आठवड्यात. मला वाटलं, मुलं ओरडतात ते खरंच आहे. मी बाबांशी नीट बोललेच नाही गं पुढे. ताट वाढलं, औषध दिलं, सगळं केलं. पण विचारलं नाही.

आई : माहीत आहे. तू कापडाची घडी उलटी घातली होतीस.

लेक : बाबांना कळलं होतं?

आई : त्यांनाच तर कळलं. मी म्हटलं, मी सांगते तिला. म्हणाले, नको, सांगितलं तर सारवासारव वाटेल. तिचं तिने विचारू दे.

लेक : आणि मी विचारलंच नाही.

आई : तो डबा आधी वरच्या फळीवर असायचा. घडी बघितल्यावर खाली त्यांनीच आणून ठेवला, तुझा हात पोचेल असा.