पंचविशीची टोपी

ब्लांश : पोरी गेल्या सगळ्या. आता दार लाव आणि खरं सांग, ओर्तांस, ही टोपी कुणासाठी?

ओर्तांस : कुठली?

ब्लांश : ही काय! किटलीमागे फडक्याखाली दडवलेली. पिवळी, हिरवी, वर कागदाची फुलं. उद्या सांत कातरीनचा दिवस, पंचविशीच्या बिनलग्नाच्या पोरी असली टोपी घालून मिरवतात, ते मला ठाऊक आहे. पण यंदा आपल्या कारखान्यात पंचविशी गाठलेली बिनलग्नाची पोर आहेच कुठे? जिनेत अजून लहान, लुसीचं लग्न झालेलं. मग ही कुणाच्या डोक्यावर चढायची?

ओर्तांस : गिऱ्हाइकाची आहे.

ब्लांश : ही टोपी कुणी विकत घेतं का? ही मैत्रिणींनी करून द्यायची असते. अगं, चौदाव्या वर्षी आपण दोघी टोप्यांची खोकी पोचवत पॅरिसभर तंगडतोड करायचो. तू दुकान काढलंस, मी तुझ्या पाठोपाठ आले. मला थापा मारतेस?

ओर्तांस : हळू बोल.

ब्लांश : हेच! हेच मला खटकतंय. उन्हाळ्यापासून तू हळू बोलतेस, हळू चालतेस. माळ्यावरच्या खोलीकडे कुणाला फिरकू देत नाहीस. अर्धा पाव खातेस, अर्धा रुमालात बांधतेस. आणि सगळं पॅरिस वर्तमानपत्राच्या नि लाकडी सालींच्या टोप्या घालून फिरतंय, तेव्हा त्या जर्मन कप्तानाच्या बायकोला मात्र आपल्याकडे खरंखुरं लोकरीचं फेल्ट!

ओर्तांस : फेल्ट ती आणते. मी नुसती घडवून देते. नाही म्हटलं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं. तुम्हा सगळ्यांच्या पोटाचं काय केलं असतं मी?

ब्लांश : पोटाचं राहू दे. वर कोण आहे? काल मी एकटी होते, डोक्यावर पावलं वाजली. उंदीर काही चपला घालत नाहीत. त्या जर्मनांतला कुणी ठेवलायस का?

ओर्तांस : ब्लांश! जीभ झडेल तुझी. या वयात मी—

ब्लांश : वयाचं सांगू नकोस. लढाईत बायका काय काय करतात ते रोज बघतेय.

ओर्तांस : मला एवढंच ओळखलंस?

ब्लांश : तू ओळखू देशील तर ना! थांब, जरा उजेडात... अगं बाई. हिचा घेर बघ. एवढं चिमुकलं डोकं आपल्याकडे एकीचंच होतं. आपण संत्रं म्हणून चिडवायचो.

ओर्तांस : ठेव ती खाली.

ब्लांश : रेजिन. रेजिन आहे वर.

ओर्तांस : ठेव म्हणते ना!

ब्लांश : जुलैत पोलिसांनी ज्यूंना घरांतून ओढून नेलं, त्यात तीही गेली म्हणालीस. मी आठवडाभर रडत होते. तू माझे डोळे पुसलेस गं! आणि ती इथेच?

ओर्तांस : कोणत्या तोंडानं सांगू? तुझा भाऊ पोलिसात. त्या दिवशी तोही गेला होता लोकांना न्यायला. तूच सांगितलंस.

ब्लांश : सांगितलं, कारण मला त्याची शरम वाटली.

ओर्तांस : शरम वाटली, पण रविवारी जेवायला त्याच्याकडेच जातेस. लोणीही घेऊन येतेस. तुझा भरवसा धरावा की नाही, मला कळेना. अजूनही कळत नाही. सापडली तर पोरीला नेतील, ब्लांश. ती परत यायची नाही.

ब्लांश : आणि एवढं कळत असून टोपी शिवत बसलीस? शहाणीच आहेस! हे रंग बघून आंधळाही सांगेल, या घरात एक पोर जास्त आहे.

ओर्तांस : यंदा तिची पंचविशी. परवा हसत म्हणाली, 'मादाम, माझी टोपी बुडाली.' मला राहवलं नाही. त्यांनी तिच्या कोटावर पिवळा तारा शिवायला लावला होता. म्हटलं, एकदा तरी पोरीच्या अंगावर हौसेचं पिवळं असू दे.

(दारावर थाप.)

ब्लांश : कोण?

गुजों : मी, गुजों. या घराची दरवानीण, दुसरी कोण असणार? उघडा.

ब्लांश : या, मादाम गुजों. एवढ्या घाईनं?

गुजों : जिना झाडत होते. हे बघा काय मिळालं. हिरव्या रिबिनीचा तुकडा, माळ्याच्या पायरीवर. तुम्ही तर म्हणता, वरची खोली बंदच असते. मग रिबीन काय उडत गेली? माझं काही म्हणणं नाही हो. पण हल्ली विचारणारे येतात, बिऱ्हाडं मोजून जातात. उद्या मलाच धरलं तर? मी काही लपवायची नाही.

ओर्तांस : ते मी साचे आणायला—

ब्लांश : राहू दे, ओर्तांस. मीच सांगते. रिबीन माझी आहे. ही टोपीही माझीच. वर बसून शिवत होते. खाली पोरींनी पाहिलं असतं तर खिदळून मेल्या असत्या.

गुजों : सांत कातरीनची? तुम्हाला? अहो, पन्नाशी आली की!

ब्लांश : आली. पंचविशीत होते तेव्हा माझा एमील मागच्या लढाईत खंदकात होता. साखरपुडा झालेला, म्हणून टोपी मिळाली नाही. पुढच्या वसंतात तो गेला. नवराही नाही नि टोपीही नाही. म्हटलं, आपली आपणच करून घ्यावी.

गुजों : ऐकावं ते नवलच! म्हातारचळ म्हणतात तो हाच. घाला बघू.

ब्लांश : घ्या, घातली.

गुजों : अगं आई गं! भोपळ्यावर वाटी पालथी घातल्यासारखी दिसतेय! एवढीशी?

ब्लांश : रिबीन पुरली तेवढी बेतली. लढाई आहे ना, बाई.

गुजों : आणि उद्या ही घालून रस्त्यानं जाणार?

ब्लांश : मग? सगळ्या मिरवतात, मीही मिरवणार.

गुजों : बघते हं. दारातच उभी राहते. बेकरीवालीला बोलावते, मासेवालीलाही. पन्नाशीची घोडनवरी! आणि घातली नाहीत ना, तर मग मी वर जाऊन स्वतः खोली बघेन. येते.

ब्लांश : या.

ओर्तांस : गेली... ब्लांश, काय केलंस हे! आख्खी गल्ली हसेल तुला.

ब्लांश : हसू दे. हसणारे वर चढून बघत नाहीत.

ओर्तांस : तुझ्या भावाच्या कानावर गेलं तर?

ब्लांश : जाणारच. म्हणेल, बहीण बावचळली. म्हणू दे. इतके दिवस त्याच्यापायी मी लाजत होते, आता त्याला लाजू दे.

ओर्तांस : एमीलचं नाव इतक्या वर्षांत तू काढलं नव्हतंस.

ब्लांश : आज उपयोगी पडला बिचारा. रडू नकोस, डोळे पूस. गुजों परत आली तर?

ओर्तांस : मी तुझ्यावर संशय घेतला गं.

ब्लांश : मी काय कमी घेतला? तुझ्या गळ्यात जर्मन बांधून मोकळी झाले होते. ते जाऊ दे. टोपी सकाळी लागेल मला, तोवर तिची तिला देऊन ये. आजची रात्र तरी घालू दे पोरीला.

ओर्तांस : मी नाही. तू जा. दार आधी दोनदा वाजव, मग जरा थांबून एकदा. नाहीतर ती उघडायची नाही.