बर्फातला हिशोब

दवाखान्यातल्या बाकावर एका मुलीने वही नुसतीच उघडी धरली होती. कान सगळे शेजारी बसलेल्या ओतारीकाकांकडे आणि त्यांच्या पुतणीकडे.

“भट्टीच्या झाकणाला हा मिश्रधातू टिकेल, असं तुझा कॉम्प्युटर म्हणाला होता ना?”

“टिकतो, काका. पण मी हिशोब उणे दोनशे त्र्याहत्तर अंशांचा केला. तिथे अणू हलत नाहीत, म्हणून तो सोपा जातो.”

“झाकण नऊशे अंशांना तापतं. त्याचा हिशोब तू बर्फात बसून केलास?”

“तापल्यावर धातू आतून फुटतो, हे नंतर कळलं.”

“कधी?”

“सोमवारी.”

“आणि मंगळवारी साहेबांनी मला घरी बसवलं. म्हणे, झाकण फुटलं ते माझं ओतकाम कच्चं म्हणून. तू तिथेच उभी होतीस.”

“माझी नोकरी नवीन आहे, काका.”

“माझी तीस वर्षांची आहे. लाव साहेबांना फोन.”

“सतरा नंबर, आत या.”

“मागच्याला पाठवा, सिस्टर. हिचा फोन लागेपर्यंत मी उठत नाही.”