अडतीस जणांचं दीडपट

राऊत सर : मॅडम, मी दोन दिवस रजेवर काय गेलो, तुम्ही माझ्या वर्गाची परीक्षा घेऊन मोकळ्या!

वैष्णवी मॅडम : परीक्षा कसली सर? वेबसाइटवर एक प्रश्न टाकला. मुलांनी आपापल्या फोनवर उत्तर दाबलं. कुठल्या उत्तराला किती जण, ते लगेच पडद्यावर आलं. नाव कुणाचंच दिसत नाही.

राऊत सर : आणि माझी शोभा अख्ख्या स्टाफरूममध्ये झाली. प्रश्न काय होता?

वैष्णवी मॅडम : पीएच चारचं द्रावण पीएच सहापेक्षा किती पट आम्ल? सेहेचाळीसपैकी अडतीस जणांनी दीडपट दाबलं. सहाला चाराने भागून मोकळे.

राऊत सर : दीडपट? अहो, एका अंकाला दहापट, दोन अंकांना शंभरपट! तीनदा फळ्यावर करून दिलंय मी. सव्वीस वर्षं शिकवतोय. दर तासाला विचारतो, समजलं का? सगळा वर्ग हो म्हणतो.

वैष्णवी मॅडम : तोंडाने म्हणतो सर.

राऊत सर : पोरांची टवाळकी आहे ही. विभागप्रमुख म्हणून सांगतो, सोमवारपासून माझ्या वर्गात मोबाइल बंद. तुमच्याही तासाला.

वैष्णवी मॅडम : मी तासिका तत्त्वावरची बाई, बंद म्हणाल तर बंद करीन. पण मला पटलेलं नाही, हे तोंडावर सांगते. यातली निम्मी पोरं उद्या तारापूरच्या कारखान्यांत लॅबला लागतील. तिथे दीडपट धरून बसली तर?

दीपा : येऊ का सर? जर्नल ठेवायचीत.

राऊत सर : ये, बरी आलीस. मॅडम, ही दीपा. रोज गाडीने वाणगावहून येते, पण पहिला बाक सोडत नाही. दीपा, परवा तू काय दाबलंस?

दीपा : दीडपट, सर.

राऊत सर : तू? अगं, समजलं का विचारल्यावर सगळ्यात मोठ्यांदा हो तूच म्हणतेस!

दीपा : म्हनते सर.

राऊत सर : मग खोटं कशाला बोलतेस?

दीपा : तुमी एवढा घसा फोडता. पुसून परत लिवता. त्यावर नाय म्हनलं तर तुमाला वाईट वाटंल ना. सगळ्यांचं तसंच हाय सर. तुमी आवडता आमाला.

राऊत सर : कधीपासून चाललंय हे?

दीपा : आमी आलो तवाच सीनियरनी सांगितलं, राऊत सरांना नाय म्हनायचं नाय.

वैष्णवी मॅडम : सर... बसा जरा. पाणी आणू?

राऊत सर : पाणी राहू द्या. सव्वीस वर्षं, मॅडम! कुणी एकाने तरी सांगायचं होतं.

वैष्णवी मॅडम : परवा अडतीस जणांनी सांगितलं की सर.

राऊत सर : हं. तो प्रश्न टाकायचा कसा, दाखवा मला.

वैष्णवी मॅडम : इथे लिहायचं. काय टाकू?

राऊत सर : टाका, राऊत सरांचं पीएच समजलं का? खाली हो आणि नाही. बास.

वैष्णवी मॅडम : झालं. वर्गाला पाठवू?

राऊत सर : पाठवा. दीपा, तुझा फोन काढ, पहिली तू दाब. मी खिडकीकडे तोंड करतो.