माचिस

बरगीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरचे दोन म्हातारे सहलीला निघालेले दिसत होते. मागं बसलेल्या वैभवीनं त्यांचं बोलणं ऐकायला कानातला हेडफोन काढला. त्यातला एक दुसऱ्याला विचारत होता,

“धनेशभाऊ, दरवर्षी सहलीत रोडगे भाजायला तुमच्याकडे आग कोण पेटवायचं?”

“दादा, माझा थोरला भाऊ. पळसाची वाळली पानं, वर गोवऱ्या, एकच काडी. मग अर्धा तास फुंकत बसायचा.”

“मी तर सरळ रॉकेल ओततो.”

“मीही ओतलं एकदा, तो पाणी आणायला गेला तेव्हा. कणकेच्या रोडग्यांना असा वास लागला, कुत्र्यानंही तोंड लावलं नाही.”

“रागावले असतील.”

“नाही जी. दोन रोडगे गुपचूप खाल्ले. पुढच्या वर्षीपासून माचिस माझ्या हाती द्यायचा अन् दूर जाऊन बसायचा.”

“अच्छा, मान दिला.”

“दादा होता तोवर मलाही तसंच वाटे. त्याच्यामागं मला जमावं म्हणून द्यायचा, हे आता कळतं.”

बस थांबली.

“चलो. माचिस घेतली ना?”

“घेतली. पळसाची पानंही घेतली. पण त्याच्यासारखी फुंकून कधी पेटली नाही; फुंकायचं कसं, तेवढं त्याला विचारायचं राहून गेलं.”